पडद्यावरचं कॉलेज

पडद्यावर नाव माझं होतं. फोटो माझा. कॉलेज मात्र भलतंच.

प्लेनो शहरातल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती. आरतीनंतर गुणगौरव. वर्षभरात कोण काय शिकलं, कुणाला कुठे अ‍ॅडमिशन मिळाली, ते पडद्यावर दाखवतात, स्टेजवर बोलावून नारळ देतात. फॉर्म मी माझ्या हाताने भरला होता. काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, कम्युनिटी कॉलेज, रेस्पिरेटरी केअरचा कोर्स, वय एकोणचाळीस. पडद्यावर झळकली ती मोठी युनिव्हर्सिटी. टाळ्या पडल्या. मी बावळटासारखी नारळ घेऊन विंगेत आले.

तिथे मंडळाच्या अध्यक्ष काकू उभ्या होत्या. रिटायर्ड डॉक्टर. मी विचारलं, "काकू, हे काय?"

"अगं, मीच बदलून घेतलं. पुढे तिथेच ट्रान्सफर घेशील ना? कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं आयटीआय गं. बरं दिसत नाही."

शेजारच्या दोघी फिस्सकन हसल्या. माझ्या मागोमाग तिथे आलेला माझा नवराही हसला. ते जास्त लागलं.

माझे बाबा भुसावळला आयटीआयमध्ये शिकवायचे. टर्नरचा ट्रेड, लेथवरचं काम. त्यांच्या हाताखालून निघालेल्या पोरांनी घरं उभी केली. आणि म्हणे बरं दिसत नाही!

नऊ वर्षं मी डिपेंडंट व्हिसावर घरात बसून होते. नोकरीची परवानगी नाही. हळदीकुंकवाला मंडळातल्या ह्याच बायका विचारायच्या, "दिवसभर करतेस काय गं घरी?" ग्रीन कार्ड आलं तेव्हा मला दार उघडलं ते ह्या कॉलेजने. माझे बारावीचे मार्क कुणी विचारले नाहीत. गणित कच्चं निघालं, तर खालच्या वर्गात बसवलं. कुणी हसलं नाही. एका बिल्डिंगमध्ये नर्सिंग, पलीकडे वेल्डिंगच्या ठिणग्या, संध्याकाळी नुकत्याच आलेल्यांसाठी इंग्रजी. दोन वर्षांनी हवं तर युनिव्हर्सिटीत जा, नाहीतर सरळ कामाला लागा. माझ्या बाकावर एक ट्रक ड्रायव्हर बसतो आणि तीन नातवंडांची आजी. माझ्या कोर्सला मात्र चाळणी लावूनच घेतात. मी त्या चाळणीतून पार झालेली आहे.

डोकं सणकलं. मी परत स्टेजवर गेले. निवेदकाच्या हातातून माइक घेतला.

"पडद्यावर लिहिलंय ते खोटं आहे. मी कम्युनिटी कॉलेजात शिकते. ज्याला श्वास घेता येत नाही त्याचा व्हेंटिलेटर सांभाळायला शिकते. काकू, इतकी वर्षं तुमच्या पेशंटचा व्हेंटिलेटर कोण सांभाळत होतं?"

नारळ मी टेबलावर ठेवला आणि खाली उतरले.

गाडीत नवरा म्हणाला, "एवढं काय यार? त्यांनी तुझ्या भल्यासाठीच केलं ना?"

"भल्यासाठी? तू का हसलास ते आधी सांग."

त्याने गाडीतला रेडिओ लावला. घराशी आल्यावर म्हणाला, "पुढच्या वर्षी नाव देऊच नकोस."

देणार. मे महिन्यात माझा कोर्स संपतोय. फॉर्म मीच भरणार, कॉलेजचं नाव ठळक अक्षरांत लिहिणार. खुशाल बदला. माइक कुठे असतो ते मला आता माहीत आहे.