असं नको

"खाटेला दुखत नसतं."

वॉर्डाच्या मुख्य परिचारिका असलेल्या थोरल्या ताईंचं हे वाक्य तिथं इतकं मुरलं होतं, की नवी परिचारिका औषधांच्या आधी ते शिकायची. कुणी धावत येऊन म्हणालं, "ताई, सात नंबरला फार दुखतंय," की हातातली पट्टी गुंडाळत ताई विचारायच्या, "खाटेला दुखत नसतं, बाई. तिच्यावर कोण झोपलंय?" तो माणूस काय काम करतो, घरी त्याची वाट कोण बघतं, एवढं तरी सांगितल्याशिवाय सुटका नसे.

अशा बाईच्या हातून चूक झाली, तीही ऐकण्यातच. पोहणाराच बुडतो म्हणतात, ते उगीच नाही.

सात नंबरवर तेव्हा एक म्हातारा शिंपी होता. सगळे त्यांना मास्तर म्हणत. साखरेच्या आजारानं डाव्या पायाची बोटं काळी पडली होती आणि विष वर सरकत होतं. सकाळी डॉक्टरांनी त्यांच्या पोटरीवर पेनानं रेघ ओढली. कातडीवरची लाली रेघेखाली आहे तोवर पाय गुडघ्याखाली कापता येईल. लालीनं रेघ ओलांडली, तर गुडघाही जाणार. आणि गुडघा गेला की मास्तरांची पायमशीन गेली.

मुलगा संमतीचा कागद घेऊन उभा होता. "आबा, सही करा. उशीर नको."

मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ताई त्यांच्या कानाशी वाकल्या. "काय म्हणता, मास्तर?"

"असं नको," मास्तर पुटपुटले.

ताई सरळ झाल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "ते नको म्हणतायत. शुद्धीत आहेत. जबरदस्ती करायची नाही."

डॉक्टरांनी क्षणभर रेघेकडे पाहिलं. "त्यांचा पाय, त्यांचा शब्द," ते म्हणाले, आणि ऑपरेशनच्या खोलीत दुसऱ्याच माणसाला नेलं.

मुलगा ताईंवर उखडला. "लहान मुलाला औषध पाजताना विचारत बसता का?"

"तुमचे वडील लहान मूल नाहीत."

"नाहीत. मरणाच्या दारात आहेत."

ताईंनी पुढच्या खाटेची पट्टी बदलायला घेतली. आपण योग्य तेच केलं, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. पण पाऊल दर थोड्या वेळानं सात नंबरकडेच वळे. उन्हं भिंतीवर चढली तसा मास्तरांचा ताप चढला. ताईंनी चादर उचलली. लाली रेघेला येऊन भिडली होती.

मास्तरांनी डोळे किलकिले केले. "बाई, तुमच्या कोटाची दुमड डावीकडं लोंबतेय. कुणी शिवला?"

"तयार आणला, मास्तर."

"तरीच. माप न घेता कापलेला." त्यांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "माझंही तेच करायला निघाला होतात तुम्ही."

ताईंच्या हातातली चादर तशीच राहिली. "तुम्ही तर नको म्हणालात."

"असं नको म्हणालो. असं. सगळे पायथ्याशी उभे राहून आपापसात बोललात. कुठून कापणार, किती उरणार, मला कुणी बोट लावून दाखवलं? गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावल्याशिवाय मी जन्मात कात्री उचलली नाही."

थोरल्या ताईंना पळताना वॉर्डानं कधी पाहिलं नव्हतं. त्या पळाल्या. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात डॉक्टर हातमोजे काढत होते.

"चूक माझी, डॉक्टर. ते 'असं नको' म्हणाले होते. मी त्यातलं 'असं' गाळलं."

"रेघ?"

"टेकलीय."

डॉक्टर तसेच आले आणि खाटेच्या काठावर बसले. मास्तरांच्या पायावर बोट ठेवून म्हणाले, "हाड इथून कापायचं. मागची कातडी मात्र अशी जास्तीची ठेवायची, म्हणजे पुढं दुमडून शिवता येते."

मास्तरांनी आजारपणात पहिल्यांदाच स्वतःच्या पायाकडं नीट पाहिलं. "शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो, त्याला आम्ही माया म्हणतो."

"मग माया ठेवतो."

"भरपूर ठेवा. कापड वाचवणारे शिंपी पुष्कळ बघितलेत. आणि गुडघा?"

"सकाळी नक्की राहील म्हणालो असतो. आता आत गेल्यावरच कळेल."

मास्तरांनी मान हलवली. "खरं बोललात. आण रे तो कागद."

ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. पाळी संपूनही ताई बाकावर बसून राहिल्या. शेजारी मुलगा. आतून चाकांचा आवाज आला की दोघांचीही मान वर जायची आणि कुणी दुसरंच बाहेर यायचं.

शेवटी डॉक्टर आले. मास्क खाली ओढत म्हणाले, "गुडघा राहिला. थोडक्यात."

मुलानं तोंडावर हात दाबून धरले. मग म्हणाला, "ताई, सकाळी मी वाट्टेल ते बोललो."

"मी अर्धंच ऐकलं," ताई म्हणाल्या. "त्यापेक्षा तुमचं बोलणं बरं."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी उशीला टेकून दोन घोट चहा घेतला. ताईंनी पट्टी पाहिली, पाणी हाताशी ठेवलं, "येते, मास्तर," म्हणाल्या आणि खाटांच्या रांगेमधून निघाल्या. मास्तर मान कलती करून बघत राहिले. ताई दारातून वळेपर्यंत त्यांची नजर कोटाच्या डाव्या टोकावरून हलली नाही.

"काय बघताय, आबा?"

"काही नाही. उद्या येताना टेप घेऊन ये."