सगुणाबाईंचं ‘च्च’

पंचवटीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर पिंपळ आहे, पिंपळाला पार आहे आणि पारावर सकाळी साडेनऊपासून बुद्धिबळाचा पट मांडलेला असतो. पाराच्या डाव्या अंगाला, उलट्या क्रेटवर बसून, मखमलाबादच्या सगुणाबाई झेंडू विकतात. वय साठीला टेकलेलं, मळा स्वतःचा, आवाज खणखणीत. पण पाराला धास्ती होती ती त्या आवाजाची नव्हे, त्यांच्या ‘च्च’ची.

कुणी चुकीची चाल केली की बाई हार ओवता ओवता नुसतं ‘च्च’ करायच्या. बस, एवढंच. आणि चार-पाच चालींत तो गडी हमखास हरायचा. सात वर्षं हे चाललं होतं. मला हसू आवरायचं नाही. त्या नादात किती गिऱ्हाइकांची आधार कार्डं मी उलटी छापली असतील, देव जाणे.

बाईंना खेळ कुणी शिकवला नव्हता. नुसतं बघून आला. पारावरचे सगळे सुरुवात एकाच रीतीने करतात, राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. त्यानंतर ज्याचा त्याचा स्वभाव. सावळीराम टेलर घोडा काढणार, उंट काढणार, राजाला कोपऱ्यात नीट निजवणार आणि मग तंबाखू मळणार. त्याला बाई ‘भाऊंची संथ चाल’ म्हणत. एसटीतून निवृत्त झालेले खंडेराव अण्णा मात्र दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटासमोरचं प्यादं समोरच्याच्या तोंडाशी नेऊन ठेवत. फुकट आहे, खा. त्याने खाल्लं की अण्णांचे मोहरे मोकाट सुटायचे आणि गडी पंधरा मिनिटांत गार. याला ‘किंग्ज गॅम्बिट’ म्हणतात हे अण्णांना मोबाइलवर कळलं आणि तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनात. बाई या चालीला ‘अण्णांची उधळपट्टी’ म्हणत.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, फुलांची गर्दी ओसरल्यावर, अण्णांच्या एका चालीवर ‘च्च’ आलं आणि अण्णा चक्क सावळीरामकडून हरले. मग काय, भडका उडाला. एवढं कळतं तर बसा समोर, म्हणाले. हरलात तर क्रेट उचलायचा आणि पिंपळाच्या पलीकडे बसायचं, जिथून पट दिसत नाही. जिंकलात तर पाराचा नियम आहेच, हरेल तो उठेल, जागा तुमची.

बाईंच्या हातातली सुई थांबली. पिंपळापलीकडे रस्ता आहे, तिथे धंदा उलट जास्तच झाला असता. पण बाई मला एकदा म्हणाल्या होत्या, मळ्यातलं काम हाताचं, घरातलं पायाचं, डोक्याचं काय ते इथंच. ते आठवलं आणि मी मशीन बंद करून पारावर गेलो.

बाईंनी हात पुसले, पदर खोचला, काळे मोहरे घेऊन बसल्या आणि बावरल्या. सात वर्षं त्यांनी पट फक्त बाजूने पाहिलेला! समोरून त्यांना काही ओळखूच येईना. मग त्यांनी आपली तोड काढली. चाल आली की उठायचं, क्रेटवर जाऊन बसायचं, डावीकडे मान कलती करून बघायचं, परत येऊन खेळायचं.

अण्णांचं राजासमोरचं प्यादं दोन घरं. बाईंचंही. मग अण्णांची ती लाडकी उधळपट्टी. बाई उठल्या, क्रेटवरून पट पाहिला, त्याच फेरीत एकीला पाव किलो झेंडू दिला आणि परत येऊन अण्णांच्या प्याद्याला हातही न लावता आपलं वजिरासमोरचं प्यादं दोन घरं ढकलून अण्णांच्या तोंडाशी ठेवलं.

सावळीराम कळवळला. अहो, फुकट होतं ते, खायचं की.

“भाऊ, कुणाचं भांडं रिकामं परत करू नये,” बाई म्हणाल्या. “आपलंबी कायतरी घालावं लागतंय त्यात.”

शेजारची वाटी आमटी घेऊन येते आणि निदान गुळाचा खडा घेऊन परत जाते, हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक. पण ही रीत पटावर पाहिली ती त्या दिवशी. अण्णा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि त्या हसण्याच्या भरात बाईंचं राजासमोरचं प्यादं खाऊन बसले.

बाईंच्या तोंडून सवयीने ‘च्च’ निघालं.

क्रेटवर एक फेरी झाली. मग काळा वजीर तिरका निघाला तो थेट पटाच्या कडेला. शह! उंटापुढचं प्यादं उधळताना आपल्या राजाची वाट आपणच उघडी टाकली, हे अण्णांना आता दिसलं. त्यांनी घाईने एक प्यादं आडवं घातलं. पुन्हा फेरी. वजिराने मधलं पांढरं प्यादं उचललं, पुन्हा शह, आणि डोळा कोपऱ्यातल्या हत्तीवर. राजा वाचवावा तर हत्ती जातो. अण्णांनी दहा मिनिटं पटाकडे पाहिलं आणि हळूच राजा आडवा केला. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा सांगितला, दोन अनोळखी भाविकांनासुद्धा.

नियम म्हणजे नियम. अण्णा उठले आणि पारावर दुसरी जागा नव्हती म्हणून क्रेटवर जाऊन बसले. बाई त्यांच्या जागी. समोर सावळीराम. या वेळी बाई फेऱ्या मारेनात; जिंकल्याचं चढलं होतं. राजासमोरचं प्यादं, मग खास अण्णांची उधळपट्टी आणि तिसरी चाल झोकात.

“च्च.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णांच्या मांडीवर अर्धवट हार होता आणि मान डावीकडे कलती होती.

“इथनं सगळंच दिसतंय हो, सगुणाबाई,” ते म्हणाले. “सात वर्षं मी कुठं बसलो होतो?”

बाई पुढच्या पाच चालींत हरल्या, नियमाप्रमाणे उठल्या आणि आपल्या क्रेटपाशी गेल्या. पण अण्णा काही केल्या उठायला तयार होईनात.