एक इंच शिल्लक

माझा मामा शिंपी. जगाला तो इंचांत ओळखतो आणि स्वतःलाही सोडत नाही. त्याच्या पायाची आतली लांबी सत्तावीस इंच. कुठल्याही मोटरसायकलवर बसवा, पाय हवेतच.

म्हणून मामा मोटरसायकली वाचायचा. कुठली नवी आली, कुठली बंद पडली, कुठल्या कंपनीने कशासाठी गाड्या परत बोलावल्या, सगळं कात्रीने कापून बटणांच्या डब्याशेजारच्या फायलीत. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता तो त्याला सिलिंडरचं माप ऐकवायचा.

"वाचून गाडी चालत नसते, मामा," शेजारचा मेकॅनिक म्हणायचा.

मामी थेट बोलायची. "आधी पाय टेकू देत, मग उडा."

गेल्या महिन्यात कळलं, दातांचे डॉक्टर आपली जुनी क्रूझर विकताहेत. क्रूझर म्हणजे चाकं लावलेली आरामखुर्ची: लांब, बैठी, सीट पार खाली. मामाने मला आणि मेकॅनिकला सोबत घेतलं. गळ्यातला टेप काढायचंही भान नव्हतं. तिथे पोचल्यावर त्याने इंजिनाकडे ढुंकूनही न बघता आधी सीट मोजली.

"सव्वीस!" त्याचा आवाज चिरकला. "एक इंच शिल्लक!"

डॉक्टरांनी स्वतःच सांगून टाकलं, "चालता चालता बंद पडते. तीन मेकॅनिक झाले. म्हणून तर स्वस्तात काढतोय." आणि ते कागद आणायला आत गेले.

आमच्या मेकॅनिकने अंगणात फेरी मारली. फाटकापाशी वळताना गाडी गपकन मेली. "इंजिन गेलंय. नाद सोडा."

मामाचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाला, "जरा हँडल डावीकडे वळव." वळवलं, बंद. सरळ केलं, चालू. मामा गुडघ्यांवर बसला, हँडलखाली बोट घातलं आणि हसायलाच लागला.

"बाहीचा मुंढा आवळलाय रे! हात वर केला की शिवण ताणते ना, तशी वायर ताणतेय. फायलीत आहे माझ्या. हिच्या सालच्या गाड्यांची वायर आखूड निघाली, कंपनी फुकट बदलून देते."

मेकॅनिकने त्याला चिमटा काढला. "मग बोलू नका! इंजिन गेलं म्हणून निम्म्यात उचलू."

मामाने टेप गळ्यातून काढला, गुंडाळला, परत उलगडला. अशी सव्वीस इंची गाडी आयुष्यात पुन्हा भेटणार नव्हती.

"गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड मी कधी ठेवलंय का रे?"

डॉक्टर बाहेर आले, तसं त्याने सगळं सांगून टाकलं. "आता विकायची की नाही, तुम्ही ठरवा."

डॉक्टरांनी गाडीकडे पाहिलं, मग मामाकडे.

"माझ्याकडे येणारा जो तो रोज दोनदा दात घासतो म्हणून थाप मारतो," ते म्हणाले. "आज पहिला खरं बोलणारा भेटला. आणि वायर बदलेल हो, माझी दुखरी कंबर कोण बदलणार? न्या गाडी. सांगितलेल्या भावातच."

आठवड्यात वायर बदलून झाली. आता मेकॅनिक रोज सकाळी मामाच्या दुकानात डोकावतो, "मामा, आज काय छापून आलंय?" मामा चष्मा शोधण्यात मुद्दाम वेळ काढतो.

पहिल्या फेरीला मागे मामी होती, त्यांच्या मागे मी सायकलवर. सिग्नल लागला. मामाने अलगद गाडी थांबवली आणि दोन्ही पाय टाचांसकट रस्त्यावर ठेवले. मामीने एका बाजूने वाकून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने, आणि शेजारच्या अनोळखी बसवाल्याला ओरडून सांगितलं,

"टेकले हो आमच्या ह्यांचे!"