कौशल्याच्या पाठीवरचं ऊन

कौशल्या माझ्याकडे वर्षातले सहा महिने असते आणि सहा महिने नसते. ऊसतोडीवरून परतली की माझ्या पाटोद्याच्या घरातली भांडी, धुणं आणि बडबड ही तीन खाती तिच्याकडे. दसरा झाला की ती आणि तिचा नवरा अजिनाथ कोयते, पत्र्याची पेटी आणि दोन शेळ्या घेऊन ट्रकमध्ये चढतात. दर वर्षी त्या दिवशीच्या माझ्या डायरीत साधारण एकच ओळ असते : "आज कौशल्या गेली. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली."

सन २००४च्या ऑक्टोबरात मात्र ट्रक यायच्या आधीच टिकटिक ऐकू आली. सलग तीन दिवस ती बोलली नाही. पातेली घासायची, पालथी घालायची, निघून जायची. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"झालंय काय तुला?" मी चौथ्या दिवशी विचारलं.

"वर्षाराणीला पौषात दिवस भरत्यात," ती म्हणाली.

"मग हसायचं सोडून तोंड का पाडतेस?"

"पहिलं बाळतपण माहेरी, बाई. अन् मी कुटं? मी उसाच्या फडात. ही पोरगी झाली तवा मी कोपीत पडलेली, खाली पाचट, वर पाचट. माज्या मायला सव्वा महिन्यानं कळलं. ते बी कुणीतरी बाजारात सांगितलं म्हनून. तवाच ठरवलं व्हतं, हिच्या वेळंला मी हिच्या उशाला असन. आता सांगा, कशी असन?"

वर्षाराणी ही तिची एकुलती एक लेक. बाळंतपणासाठी आली होती, पण घरात आजी भिवराबाईंशिवाय कोणी नव्हतं आणि भिवराबाईंना एका कानाने अजिबात आणि दुसऱ्या कानाने मनाला येईल तेवढंच ऐकू येत असे. कारखाना इथून चार तासांवर. वेळेवर निरोप पोचला तर कौशल्या वेळेवर येऊ शकत होती. म्हणजे सगळा प्रश्न निरोपाचा होता, आणि निरोपाचं सामान माझ्या कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी पडलं होतं!

झालं होतं असं, की पुण्याच्या माझ्या भाच्याला डोंगर चढायचं वेड. गणपतीत आला तेव्हा त्याने मला स्वतःचा जुना मोबाईल नवं सिमकार्ड घालून दिला आणि सोबत उन्हावर चालणारा एक चार्जर. घडी घातली की वहीएवढा, उघडला की पाटाएवढा. कापडावर काळ्यानिळ्या चकचकीत पट्ट्या शिवलेल्या आणि खालून एक वायर. "आम्ही रानात तंबू ठोकतो ना, मावशी, तेव्हा हा वापरतो. अडीअडचणीला तुलाही उपयोगी पडेल. तुमच्याकडे दिवसातले आठ तास वीज नसते, म्हणजे तूही तंबूतच राहतेस." भाचा चांगला आहे, पण त्याला एक गोष्ट सुचली नाही. माझ्या घरात तारेचा फोन होता, मोबाईलला रेंजच नव्हती. कारखान्यावर मात्र टॉवर उभा राहिला होता. अजिनाथ उन्हाळ्यातच सांगत होता, "झाडावानी हाय, पर पाखरू बसंना त्याच्यावर."

मी दोन्ही वस्तू कौशल्यापुढे ठेवल्या. ती पदराला हात पुसत मागे सरली.

"ह्यो फोटो कशाचा हाय?"

"फोटो नाही. हे ऊन खातं आणि फोनला जेवू घालतं."

तिने पट्ट्यांवर बोट टेकवून ओढून घेतलं. मग पुन्हा टेकवलं. मग जी हसायला लागली ती थांबेचना. तीन दिवसांची तुंबलेली बडबड त्या दुपारी मोकळी झाली आणि मला डायरीची दोन पानं लागली.

खंडेनवमीला तिने चार्जर घरी नेला. दुसऱ्या दिवशी परत आणला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "बाई, दिसभर उन्हात ठिवला. काईच खाल्लं न्हाई त्यानं. रुसला जनू." मी घडी उघडली आणि हसू आवरेना. चारही पट्ट्यांवर हळदीकुंकवाची बोटं, त्यावर दह्यात कालवलेल्या अक्षता वाळून घट्ट चिकटलेल्या आणि मधोमध झेंडूचं आख्खं फूल. तिने कोयत्यांसोबत चार्जरही पूजेला मांडला होता. कोयत्याला पूजा चालते. चार्जरला तोंड उघडं लागतं.

"अगं, ऊन त्याच्या तोंडावर पडायला हवं."

"अन् बिनपूजेची वस्तू फडात न्यायची? हात कापल कुनाचा तरी! मंग कुंकू लावू कुटं? पाठीला लावतंय का कुनी?"

ओल्या फडक्याने अक्षता सोडवायला मला पाऊण तास लागला. शेवटी तडजोड झाली. कुंकू मागच्या कापडाला, पुढचा भाग मोकळा. तिने मागे एक मोठं ठसठशीत बोट ओढलं आणि मगच तिचा जीव खाली बसला.

निघायच्या आदल्या दिवशी गच्चीवर तालीम झाली. मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेत आग लागल्याची तालीम महिन्यातून एकदा व्हायची. सिस्टर शिट्टी वाजवत आणि आम्ही न लागलेल्या आगीतून रांगेने बाहेर पडायचो. तसंच केलं. नियम एकच ठेवला : मी विनाकारण फोन करणार नाही. त्यामुळे फोन वाजला की निघायचं. उचलायचीही गरज नाही.

"अन् दुसऱ्याच कुनाचा आला तर?"

"हा नंबर माझ्याशिवाय कुणाकडे नाही."

"मंग लई चांगलं," ती म्हणाली. "बेलच निरोप."

सत्तावीस ऑक्टोबरला ट्रक गेला. पुढचं सगळं मला तिच्या तोंडून नंतर कळलं, पण तारखांप्रमाणे सांगायचं तर ते इथेच यायला हवं.

चार्जर ठेवायचा कुठे, हा तिथला पहिला प्रश्न. कोपीच्या छपरावर ठेवला तर शेळ्यांनी वायर चाटली. बांधावर ठेवला तर उसाच्या गाडीखाली जाता जाता वाचला. डोक्यावर बांधावा तर डोक्यावर मोळ्या वाहायच्या. दोन दिवस ती विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी ती ऊस तोडत होती. ऊस बुडख्याला तोडायचा म्हणजे कमरेत वाकावं लागतं, सकाळपासून दुपारपर्यंत वाकलेलंच. पाठीला चटका बसला आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. आख्ख्या फडात सगळ्यात जास्त ऊन कशावर पडतं? वाकलेल्या बाईच्या पाठीवर!

तोडणीच्या बाया लुगड्यावरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, उसाच्या पात्यांनी अंग कापू नये म्हणून. तिने त्या सदऱ्यावर चार्जर पसरला, जुन्या लुगड्याच्या चार चिंध्या करून खांद्यावरून आणि कमरेतून आवळला. वायर कमरेच्या पिशवीत, पिशवीत फोन. दुपारपर्यंत फोन काठोकाठ भरला. भाच्याने मला चार्जर उन्हाकडे कलता धरायचा कोन मोजायला शिकवलं होतं. कौशल्याने कोन न मोजताच साधला होता.

टोळीतल्या बायांनी तिचं नाव बिजलीबाई पाडलं. अजिनाथला मोठी गंमत वाटायची. "सरळ हुबी राहू नगंस गं," तो म्हणायचा, "लाइन जाईल!"

आणि मग टोळीचा मुकादम बंकट आला. त्याच्याकडे मोबाईल होता, पण चार्ज करायला कारखान्याजवळच्या चहावाल्याकडे जावं लागे आणि तिथे मुकादमांची रांग. ट्रक कधी येणार हे फोनवर कळायचं, त्यामुळे फोन मेला की टोळी उन्हात बसून राहायची. चार दिवस तो कौशल्याच्या मागून घिरट्या घालत होता. पाचव्या दिवशी तोंड उघडलं.

"कौशल्ये, जरा माजा बी घे की पाठीवर."

"घेते. पर एक बोली हाय."

"कंची?"

"माजा फोन वाजला की मी निघनार. त्या टायमाला फड आर्धा असू द्या न्हाईतर ट्रक हुबा असू द्या. मागनं एक शबूद न्हाई."

"अन् तुज्या वाटच्या मोळ्या कोन उचलनार?"

"तुमी."

बाया इतक्या हसल्या की एकीचा कोयता हातातून पडला. बंकट लाल झाला, पण हातातला मेलेला फोन त्याने पुढे केला. बोली पक्की झाली.

संक्रांत झाली आणि आभाळ आलं. तीन दिवस सूर्य दिसला नाही. बिजलीबाईची पाठ कोरडी गेली. आमची तालीम या प्रसंगाची झाली नव्हती. तिने स्वतःच ठरवलं, की फोन बंद ठेवायचा आणि भाकरी खाताना तेवढा चालू करायचा. मला हे कळवायला तिच्या फोनमध्ये पैसे भरलेले नव्हते, तो आलेला फोन घेण्यापुरताच होता.

१९ जानेवारी, बुधवार. सकाळी सहा पन्नासला भिवराबाई माझ्या दारात. "पोरीला कळा लागल्या," त्या गावाला ऐकू जाईल एवढ्याने ओरडल्या. वर्षाराणीला रिक्षात घालून दवाखान्यात पोचवलं, भिवराबाईंना बाकड्यावर बसवलं आणि मी घरी फोनकडे धावले. बहात्तराव्या वर्षी धावले, असं डायरीत ठळक लिहिलं आहे. पुढची नोंद अशी :

"७.३५ बंद. ८.०५ बंद. ८.३० बंद. ९ बंद. ९.३० बंद. १० ते ११ दवाखाना. सिस्टर म्हणते पहिलटकरीण आहे, संध्याकाळ होईल. ११.१० बंद. ११.४० बंद. चहा केला, प्यायला विसरले."

बारा वाजून चार मिनिटांनी घंटा वाजली. खरी घंटा! पलीकडे तिने उचललाही.

"हालू?"

आता मला सरळ "ये" म्हणायचं होतं. पण शाळेत आम्हाला शिकवलं होतं, की फोनवर आधी स्वतःचं नाव सांगावं, मग समोरच्याची प्रकृती विचारावी, मग काम सांगावं. साठ वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघालं, "नमस्कार, मी पाटोद्याहून बोलतेय. तू बरी आहेस ना? अजिनाथ बरा आहे? अगं, वर्षारा..." आणि फोन मेला. पुन्हा लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. उरलीसुरली बॅटरी मी नमस्कारात खर्च केली होती.

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसले. तिला काय कळलं असेल? नमस्कार कळला असेल. अजिनाथची चौकशी कळली असेल. आपला नियम तिला आठवेल का? की बाईंना करमेना म्हणून फोन केला, असं समजून ती भाकरी खात बसेल? आत वर्षाराणी आईच्या नावाने हाका मारत होती आणि दर हाकेला भिवराबाई विचारत होत्या, "काय म्हनती?" तेव्हाच ढग फाटले आणि व्हरांड्यात ऊन आलं. मी त्या उन्हावर चिडले. तीन दिवस कुठे होतंस?

पाच वाजून वीस मिनिटांनी फाटकातून एक आकृती धावत आली. अंगात नवऱ्याचा सदरा, केसांत पाचट, पाठीवर चार्जर आणि हातात कोयता.

"कोयता बाहेर! कोयता बाहेर!" सिस्टर किंचाळली.

कौशल्याने कोयत्याकडे असं पाहिलं जणू तो तिला न विचारता चालत आला होता. तो माझ्या मांडीवर ठेवला आणि आत घुसली. वर्षाराणीच्या हाका थांबल्या. मग दोघींचं रडणं ऐकू आलं, मग हसणं. सहा वाजून पाच मिनिटांनी तिसरा आवाज आला, बारीक आणि फार रागावलेला. मुलगी. भिवराबाईंनी या वेळी "काय म्हनती?" विचारलं नाही. त्यांना चांगल्या कानाने ऐकू आलं होतं.

नंतर चहा पिताना मी कौशल्याला विचारलं, "तुला कळलं कसं? मी तर काहीच सांगितलं नाही."

"बेल वाजली म्हंजी निगायचं, तुमीच म्हनलावता. तुमी नमस्कार-बिमस्कार म्हनत व्हत्या तवा मी पायतान घालत व्हते." मग बंकटची नक्कल सुरू झाली. ट्रक उभा, मोळ्या पडलेल्या, आणि हिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोक्याला चुंबळ लावली, दोन मोळ्या ट्रकवर टाकल्या, टोळीने टाळ्या पिटल्या. मग वैतागून चुंबळ अजिनाथच्या डोक्यावर ठेवली आणि हिला मोटारसायकलवर घालून एसटी स्टँडला सोडलं. एसटीत तिने उन्हाच्या बाजूची खिडकी धरली आणि चार्जर काचेला लावला. कंडक्टर घाबरून जवळ आला.

"ओ बाई, हे काय लावलंय?"

"नातीचा फोन चार्ज करतीया."

"किती मोठी हाय नात?"

"व्हायचीय अजून."

कंडक्टरने म्हणे डोकं खाजवलं आणि पुढच्या थांब्यावर गाडी सावलीत लावणाऱ्या ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "उन्हात घे रं, आत चार्जिंग चाललंय!"

रविवारी, पाचव्या दिवशी, पाचवीची पूजा झाली. वरवंटा, विळा, कोरा कागद आणि पेन. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, त्यासाठी कागद कोरा लागतो. तो माझ्या डायरीतून फाडला. इतक्या वर्षांत मी डायरीचं पान फाडलं ते एवढंच. कौशल्याने पाटावर सगळं मांडलं आणि शेवटी चार्जरची घडी उघडून मधोमध ठेवली. हळदीकुंकवाचं बोट उचललं आणि तसंच हवेत धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"पुढून लाव," मी म्हणाले.

"अन् चार्जिंग?"

"आज त्याला सुट्टी."

तिने चारही पट्ट्यांवर चार बोटं ओढली, मन भरून अक्षता चिकटवल्या, मधोमध झेंडू ठेवला आणि उरलेलं कुंकू बाळाच्या कपाळाला टेकवलं. सोमवारी सकाळी कौशल्या पुन्हा फडावर जाणार होती. अक्षता सोडवायला पाऊण तास लागतो, हे आता मला माहीत होतं. मी साडेपाचचा गजर लावला.