धामणीच्या धनुष्यावरची गाठ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रविवारी ज्यांच्याबरोबर बसायचो त्या मंडळींना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे इथेही भित्रेपणाच आहे, बघा.

मी डोंबिवलीला राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीचं काम करतो. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, चुकलेला असेल तर त्यावर लाल खूण करायची आणि तो कुणाच्या मशीनवरून आला त्याचं नाव लिहायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. दुसऱ्याची चूक शोधून तिला नाव द्यायचा मला पगार मिळतो. एवढं लक्षात ठेवा.

रविवारी मात्र मी धनुष्यं करायचो. कल्याणहून मुरबाड रस्त्याला लागलं की आत एक गाव आहे. तिथे तात्यांच्या रिकाम्या गोठ्यात आम्ही चौघं जमायचो. तात्या एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांच्याच गावातले एक शाळामास्तर, कोंबड्यांची शेड चालवणारा एक जण, आणि मी. शिकार नाही, स्पर्धा नाही, विकायचं नाही. धामणीच्या झाडाचं लाकूड मिळवायचं, माळ्यावर दोन पावसाळे सुकवायचं, मग कोयत्याने आणि बाटलीच्या फुटक्या काचेने खरवडत खरवडत त्याला बाक आणायचा. तात्यांची सून चहा आणून ठेवायची आणि विचारायची, झाली का लंका जिंकून? तात्या मान वर न करता म्हणायचे, अजून सेतूच चाललाय, दूध जरा जास्ती टाक.

आम्ही सुखी होतो हो. हे वाक्य लिहितानाही मला माझाच राग येतो, कारण ते सुख कुणी मोडलं ते मला माहीत आहे.

त्या गोठ्यातला एक नियम तुम्हाला कळायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. धनुष्याला पोट असतं आणि पाठ असते. पोट खेचणाऱ्याकडे, पाठ समोर. दोरी ओढली की पोट दबतं आणि पाठ ताणली जाते. म्हणून पाठीवर झाडाच्या एकाच वर्षाचा थर लागतो — टोकापासून टोकापर्यंत अखंड. मध्ये गाठ असली की तो थर तिच्यावरून टेंगळासारखा वर चढतो. ते टेंगूळ तसंच ठेवायचं, कितीही बेढब दिसो. सपाट केलं की थर तुटला, आणि धनुष्य आज ना उद्या तिथेच मोडणार. पोटाला काय करायचं ते करा रं, पण पाठीला हात लावू नका, असं तात्या दर रविवारी सांगायचे. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलेलं. पण पाठीवरून अंगठा फिरवला की थर कुठे चढतो, कुठे उतरतो, ते त्यांना कळायचं. मी कितीदा डोळे बारीक करून पाहायचो. त्यांचा अंगठा आधीच तिथे पोचलेला असायचा.

सात वर्षांपूर्वी घोडबंदर रोडच्या एका मोठ्या सोसायटीने दसऱ्याला शस्त्रपूजन ठेवलेलं. सेक्रेटरी माझ्या ओळखीचा. त्याच्यापुढे मीच फुशारकी मारलेली, की आम्ही जुन्या पद्धतीने धनुष्यं करतो. त्याने लगेच म्हटलं, आणा मग, आणि करणाऱ्यालाच स्टेजवर ओढून दाखवू दे. तात्यांनी त्यांचं सगळ्यात चांगलं धनुष्य माझ्याकडे दिलं. दोन वर्षांचं काम. आठवडाभर आधी दिलं, तेलाचा एक हात मारून आणायला. तेवढंच सांगितलेलं मला. तेल.

त्या धनुष्याच्या पाठीवर, वरच्या भागात एक गाठ होती, बोटाच्या पेराएवढी. घरी दिव्याखाली धरलं तेव्हा ती माझ्या डोळ्यात खुपायला लागली. टॉवरमधली माणसं काय म्हणतील? गावठी म्हणतील. मला तात्यांच्या कामाची लाज वाटत नव्हती — मला माझी वाटत होती. मी ते वर्कशॉपमध्ये नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत घासायच्या मशीनच्या पट्ट्यावर धरलं. दोन मिनिटं लागली. टेंगूळ गेलं. वरून पॉलिश मारलं.

नियम ठाऊक नव्हता का? होता. शेकडो वेळा ऐकलेला. नवीन पोराने हे केलं असतं तर मीच लाल खूण केली असती.

दसऱ्याच्या सकाळी सेक्रेटरीने धनुष्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, वा, काय फिनिशिंग आहे. मी म्हणालो, फिनिशिंग माझं. हेही लक्षात ठेवा.

तात्या पांढरा शर्ट आणि नवी टोपी घालून आलेले. घाईगर्दीत धनुष्य थेट स्टेजवरच त्यांच्या हातात गेलं. नीट चाचपून बघायला कुणी वेळच दिला नाही. मी तरी कशाला देऊ? दोनदा त्यांनी छान ओढलं. टाळ्या झाल्या. तिसऱ्यांदा ते गाठीपाशीच मोडलं आणि वरचा तुकडा त्यांच्या भुवईवर बसला. शर्टावर रक्त. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मोबाइल खाली गेले नाहीत. आणि सेक्रेटरी माइकवर म्हणाला, आजोबांचं वय झालंय, तरी त्यांनी प्रयत्न केला, एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या.

मला आजही त्या टाळ्यांची चीड येते. वय झालंय? ज्याला अर्ध्या तासापूर्वी मी सांगितलेलं की फिनिशिंग माझं, तो म्हणतो वय झालंय? त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण त्याच्यावर संतापायचा मला काय हक्क? मी त्याच्यापासून चार पावलांवर उभा होतो आणि मी टाळ्या वाजवल्या.

हा माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. इथवरचं तर मी कदाचित कधीतरी बोलून टाकलं असतं.

मंडपाच्या मागे तात्यांना खुर्चीवर बसवलेलं. एका हाताने भुवईवर रुमाल धरलेला, मांडीवर मोडका तुकडा. मास्तर आणि मी शेजारी उभे. तात्यांनी मोकळ्या हाताचा अंगठा पाठीवर टेकवला आणि हळूहळू फिरवत गाठीपर्यंत आणला. तिथे अंगठा थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा आला.

"ही खरवड माझी नाय," ते म्हणाले. "माझा हात असा चालत नाय. कोणी तासली रं ही पाठ?"

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. आरोप नव्हता त्यात. आपल्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

आणि मी म्हणालो — सात वर्षं हे वाक्य माझ्या तोंडात आहे — मी म्हणालो, "तात्या, तुम्हीच तासलीत. गेल्या महिन्यात. मी समोर बसलेलो. नका करू म्हणालोसुद्धा."

शेवटचं वाक्य कशाला घातलं? पहिलं पुरेसं नव्हतं का? घातलं, कारण तपशील असला की खोटं खरं वाटतं, आणि हे मला माझ्या कामामुळे चांगलं माहीत आहे.

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधल्यासारखं दिसलं. मग म्हणाले, "मी? मला काय आठवत नाय रं."

होतं असं या वयात, मास्तर म्हणाले. इतक्या सहज! वीस वर्षं ज्या अंगठ्याखाली शिकले, त्या अंगठ्यापेक्षा त्यांना माझा शब्द मोठा वाटला. एकाने तरी म्हणायचं होतं ना, की तात्या पाठ तासणं शक्यच नाही? कुणीही म्हटलं नाही. मी तात्यांच्या मांडीवरून तो तुकडा उचलला, फेकून देतो म्हणून. फेकला नाही. घरी कपाटात आहे. त्यावर मशीनच्या पट्ट्याच्या समांतर रेघा आहेत, काचेने उठत नाहीत तशा. कुणीही पाहिलं असतं तर कळलं असतं.

पुढचं फार साधं आहे. तात्यांच्या मुलाने कोयता आणि हत्यारं पेटीत घालून कुलूप लावलं. कल्याणच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा काही आजार नाही, डोक्याने ठणठणीत आहेत. घरात कुणाला ते पटलं नाही. तात्यांना स्वतःलाही नाही. तीस वर्षं माळशेजच्या घाटातून एसटी उतरवलेला माणूस, एक ओरखडा न येऊ देता — तो आता दुधाचा हिशोब सुनेला दोनदा विचारतो, चूल विझली का ते उठून परत बघतो. डॉक्टरांच्या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. माझ्यावर आहे.

गोठ्यातलं बसणं त्याच दिवाळीला बंद झालं. मी मात्र अजून महिन्यातून एकदा जातो. चांगुलपणा म्हणून नाही. न गेलो तर कुणाला काही कळेल का, या भीतीने जायला लागलो, आणि आता जातो.

गेल्या रविवारी गेलेलो. निघताना तात्या मला सोडायला अंगणात आले. वाटेत त्यांनी गोठ्याचं दार ओढलं, कडी लावली, हलवून बघितली. चार पावलं चालले आणि थांबले.

"कडी लावली ना रं मी?"

"लावलीत, तात्या."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

त्यांचे खांदे सैल झाले. "मग झालं," ते म्हणाले, आणि मागे वळून न बघता फाटकाकडे चालू लागले.