शेऱ्याचा रकाना

मी खालापूरच्या कचेरीत कारकून होतो तेव्हा जिल्ह्याला, अलिबागला, पहिला कॉम्प्युटर आला. कारखान्यांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची यादी आता त्यात चढणार म्हणे. जुन्या रजिस्टरावरून फॉर्म भरायचं काम माझ्याच बोकांडी बसलं. रजिस्टरात शेवटी शेऱ्याचा रकाना होता. फॉर्मवर त्याला जागाच नव्हती. मला ते दिसलं होतं. पण विचारलं असतं तर काम वाढलं असतं, म्हणून गप्प बसलो.

यादी आली. कडेला भोकं पाडलेला लांबलचक कागद, अक्षरं कशी एकसारखी! आठ दिवसांत हरकत घ्यायची, मग यादी कायम.

सातव्या दिवशी, गुरुवारी, मोहोपाड्याकडची एक बाई लेकीला घेऊन आली. बापाची जमीन कारखान्यात गेलेली, ही एकटीच वारस. सोमवारी लेकीची नोकरीची मुलाखत, त्यासाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवा. रेशनकार्डावरचं नाव मी यादीत शोधलं. नव्हतं.

"कॉम्प्युटरात नाही म्हणजे नाही, बाई."

"असं कसं साहेब? बापाची जमीन गेली ती खरी, आनि मीच नाय?"

"शनिवारी या, बघतो," म्हणून वाटेला लावलं. त्या गेल्यावर रजिस्टर उघडलं आणि चरकलोच. जमीन गेली तेव्हा बाई कुमारिका होती, म्हणून वारस म्हणून माहेरचं नाव लागलेलं. पुढे लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. सासरचं नाव कुणीतरी शेऱ्यात नीट लिहून ठेवलं होतं. मी तेच गाळलं होतं!

दुसऱ्या दिवशी रजिस्टर बगलेत मारून पहिल्या एसटीने अलिबाग गाठलं. कॉम्प्युटरवर विशीतली एक मुलगी होती. मी तावातावाने म्हणालो, "तुमच्या यंत्राने घोळ घातलाय."

तिने रजिस्टर शांतपणे वाचलं. "काका, आपण सांगू तेवढंच याला ठाऊक. हा रकाना तुम्ही पाहिला नव्हता?"

"पाहिला होता," मी म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती रागावली नाही. "अशा आणखी किती बायका असतील?" एवढंच विचारलं. मी रजिस्टर पहिल्या पानापासून उघडलं. मग तिने यादीत नवा रकाना घातला. मी वाचत गेलो, ती भरत गेली. पोरगी जेवायलासुद्धा उठली नाही. संध्याकाळपर्यंत प्रत्येकीच्या माहेरच्या नावासमोर सासरचं नाव छापून हातात आलं. मला हाताने लिहायला महिना लागला असता. काय म्हणावं तिला! मी सरळ हात जोडले.

शनिवारी दाखला तयार झाला. दारात उभं राहून मी यादीतलं तिचं माहेरचं नाव पुकारलं. बाई समोरच बाकावर बसलेली, पण हलली नाही. लेक इकडेतिकडे बघत होती, कुणाला बोलावतायत म्हणून. मी पुन्हा पुकारलं.

"ओ!" बाई ताडकन उठली. दाखला घेताना ती म्हणाली, "आई गेल्यापासून या नावानं कोनी हाक मारली नव्हती ओ."

लेक तिच्याकडे बघतच राहिली. "आये," ती म्हणाली, "ह्ये तुजं नाव?"