साडूंचा कोश घरोघरी जातो

आमच्या थोरल्या साडूंइतका उदार आणि त्याच वेळी इतका संशयी माणूस साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. गुडीहत्नूरला हायवेवर त्यांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देण्याचं दुकान आहे. तिथंच, तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांमागं, एका जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी मराठी-तेलुगू शब्दकोश उभा केला. घरात मराठी बोलणाऱ्या आणि शाळेत तेलुगू शिकणाऱ्या आपल्याकडच्या पोरांसाठी. हा कोश कोणीही फुकट घ्यावा, त्याचं सॉफ्टवेअर उघडून पाहावं, हवी ती भर घालावी, अशी त्यांची जाहीर मुभा होती. फक्त भर घालण्याआधी त्यांना फोन करावा लागे. कारण खरी प्रत एकच, आणि ती त्यांच्या दुकानात. बाकीचे लोक इंटरनेटवरून त्या एका मशीनला जोडले जात, त्यामुळं गुडीहत्नूरची वीज गेली की हैदराबादेत बसलेल्या माणसाचंही काम थांबे. "थांबा नं जरासे," साडू त्याला समजावत, "आमची मोटार थांबून राह्यली, तुमचा शब्द नाही थांबू शकत?"

मी एकदा एक अनुस्वार सुचवला, तर त्यांनी माझी पाऊण तास उलटतपासणी घेतली आणि शेवटी विचारलं, "आमच्या साळीले दाखवला का?" साळी म्हणजे माझी बायको, तिचं शुद्धलेखन माझ्याहून बरं असल्याची बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. कोशात बदल केला की त्यासोबत एक टीप लिहायची पद्धत असते. इतर लोक दोन शब्दांत उरकत. साडू लिहीत, "‘विळा’ दुरुस्त केला. ‘कोयता’ राहिला, गिऱ्हाईक ओरडते." किंवा, "‘वांगं’ घातलं. आज घरची भाजी मात्र जमली नव्हती."

आमची मुलगी रेणुका बासरला इंजिनिअरिंग शिकते. सुट्टीत आली की ती मावसाजींच्या मागं लागे. "आता अशी पद्धत आलीय, मावसाजी. प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण कोश राहतो, पहिल्या दिवसापासूनच्या इतिहासासकट. जो तो आपापल्या घरी काम करतो, मग जुळवून घेतो."

"मंग खरा कोणता?"

"सगळेच खरे."

साडूंनी हातातला चहा खाली ठेवला. "एकाच वावराचे पाच पट्टे केले तर भांडणं नाही होणार काय?"

हा वाद दोन सुट्ट्या चालला असता, पण त्या पावसाळ्यात मशीन कुरकुरू लागलं. आवाज ऐकून मोटारीचं बेरिंग ओळखणारा माणूस तो. कान लावला आणि चेहरा उतरला. "डिस्क चालली रे," ते म्हणाले. इतक्या वर्षांचा कोश त्या एका डब्यात होता. त्यांनी रेणुकाला बोलावून घेतलं.

इतिहास नव्या पद्धतीत न्यायचा तर भर घालणाऱ्यांच्या जुन्या यादीतल्या प्रत्येक टोपणनावापुढं त्या माणसाचं पूर्ण नाव आणि ईमेल लिहावा लागतो. यादी भराभर उतरली आणि ‘सार’ या नावापाशी अडली. हे मुधोळचे नरसय्या सार, तेलुगूचे निवृत्त शिक्षक. कोशातलं अर्धं तेलुगू त्यांचं. साडूंचे ते जिवलग मित्र होते, ‘वावर’ या शब्दापर्यंत. साडूंनी वावराला, म्हणजे शेताला, ‘पोलम’ लिहिलं होतं. सारांचं म्हणणं, पोलम म्हणजे पाणी धरणारं, धानाचं. आपल्या कापसा-ज्वारीच्या कोरड्या रानाला ‘चेनु’ म्हणतात. एका दिवसात त्यांनी एकमेकांचा शब्द अकरा वेळा खोडला. बाराव्या वेळी साडूंनी सारांची कोशात लिहायची परवानगी काढून घेतली. त्याला सहा वर्षं झाली होती.

"ते नाव गाळ," साडू म्हणाले.

"मग त्यांचे शब्द कोणाच्या नावावर टाकू? तुमच्या?"

"माझ्या काऊन? मेहनत त्याची हाय."

शेवटी मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. "सार, तुमचा ईमेल पाहिजे होता." पलीकडून सारांनी विचारलं, "ते पोलम काढलं का?"

"नाही."

"मंग ईमेलबी नाही." फोन बंद.

मग साडूंनी स्वतःच पुन्हा लावला. "ऐका सार. आता तुमच्या घरी तुमचा पूर्ण कोश राहीन. तिथं तुमी चेनु लिवा. मी नाही अडवत. खरं सांगू का, मले अडवायची सोयच नाही राह्यली." पलीकडं सार इतके हसले की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मग त्यांनी एकेक अक्षर सांगत ईमेल दिला.

कोश इंटरनेटवरून पाच मिनिटांत त्यांच्या घरी पोचला असता, तरी पुढच्या आठवड्यात सार तो न्यायला पेनड्राइव्ह घेऊन बसनं आले. साडूंनी त्यांना कॉम्प्युटरपाशी न बसवता आधी आपल्या रानात नेलं. कापूस गुडघ्याएवढा झाला होता. सार बांधावर उभे राहून म्हणाले, "बोला, पाणी कुठं हाय यात?" दुकानात परतल्यावर साडूंनी स्वतः टाईप केलं: कोरडं वावर, चेनु; पाण्याचं वावर, पोलम. आणि खाली टीप: "सार बरोबर होते. उशीर माझा."

"ही टीप आता कोणालाच गुपचूप पुसता येणार नाही," रेणुकानं सावध केलं. "सगळ्यांच्या घरी जाईल."

"जाऊ दे नं," साडू म्हणाले. "त्यासाठीच लिवली."

संध्याकाळी आम्ही सारांना बसस्टँडवर सोडायला गेलो. सारांनी खिडकीतून हात बाहेर काढला, साडूंनी तो धरला आणि बस हलेपर्यंत सोडला नाही. बस निर्मलच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली, तरी ते तिथंच उभे.

"सार पहिल्यापेक्षा वाळले नं?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. "सहा वर्षं," ते म्हणाले. मग, "चाला, दुकान उघडं हाय," असं म्हणूनही बराच वेळ जागचे हलले नाहीत.